कळपातून गाडी

एसटीतून रिटायर झालो तेव्हा बायकोला सांगितलं होतं, आता स्टेअरिंगला हात लावणार नाही, भाजी आणायलासुद्धा चालत जाईन. ती म्हणाली, बघू किती दिवस टिकतंय ते. फार टिकलं नाही. धाराशिवात एक संस्था आहे, खेड्यापाड्यातल्या पोरापोरींना कामधंद्याचं शिक्षण देते. शिवणकाम, वायरिंग, दवाखान्यातलं काम, असं सगळं. त्यांनी बायकांसाठी जड वाहनाचा वर्ग काढला आणि तिथल्या मॅडम माझ्या घरी आल्या. शिकवायला पगारी मास्तर आहे, म्हणाल्या, पण पोरींच्या सोबतीला अनुभवी माणूस पाहिजे. बोलायला, धीर द्यायला, चुकलं तर सांगायला. पगार मिळणार नाही. मी म्हणलं, पगार नसला तर चालेल, पण ओरडायची मुभा पाहिजे. मॅडम हसल्या. त्यांना वाटलं मी गंमत करतोय.

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या शर्टाला एक बिल्ला लावला, त्याच्यावर 'मार्गदर्शक' लिहिलेलं. जन्मभर मला ड्रायव्हरच्या वर कुणी काही म्हणलं नव्हतं. तो बिल्ला मी दोन-तीन दिवस लावला आणि मग बायकोनं शर्टासकट धुवायला टाकला. पोरी मला मामा म्हणायला लागल्या ते बरं झालं.

गावाबाहेरच्या माळावर गाडी चालायची. जुनी बस होती, गिअर टाकताना खालून असा आवाज यायचा की शेजारच्या शेतातला माणूस मान वर करून बघायचा. पोरी वेगवेगळ्या तऱ्हेच्या. एक उमरग्याची होती, तिच्या नवऱ्याचा ट्रक होता. तिला गाडी यायची पण शिव्याही तेवढ्याच यायच्या. एकीला क्लच दाबायला पाय पुरायचा नाही, ती पाठीमागं उशी घेऊन बसायची. आणि एक होती ढोकीकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. ही गोष्ट तिची आहे.

अंगानं बारीक, बोलायला कमी. पण गाडी हातात बसलेली. मास्तर मला म्हणाला, मामा, हिला कुणीतरी आधी शिकवलंय. विचारलं तर म्हणाली, भावाचा पिकअप हाय. वाडा हलवायचा आसला की म्याच चालवती. मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडणारी ही माणसं. ज्या शेतात मेंढरं बसवतात त्या मुक्कामाला ते वाडा म्हणतात. पूर्वी बिऱ्हाड घोड्यावर जायचं, आता पिकअपमध्ये जातं. भांडी, वाकळा, चालता न येणारी कोकरं, सगळं मागं भरून ही नांगरलेल्या रानातनं गाडी काढायची. रिव्हर्स तर असा घ्यायची की माझ्या डेपोतल्या दोघा-चौघांना आणून दाखवावा.

एकच खोड होती. हॉर्न वाजवायची नाही. पुढं माणूस आला, सायकल आली, कुत्रं आलं, की ही खिडकीतनं डोकं बाहेर काढून "हैर्र, हैर्र" करायची. पहिल्यांदा मी हसलो. दुसऱ्यांदा एक मोटारसायकलवाला एवढा दचकला की रस्ता सोडून खाली गेला. मग मात्र मी ओरडलो.

"ते मधोमध बटन दिलंय ते काय कुंकू लावायला दिलंय व्हय?"

"सवय न्हाय मामा. आमच्या पिकअपच्या हॉर्नची वायरच काढून टाकलीया."

"कशाला?"

"मेंढरं बुजत्यात."

बरोबर आहे. मेंढरामागं चालणाऱ्या गाडीला हॉर्न कशाला पाहिजे? पण बसला पाहिजे. पंधरवडाभर मी तिच्या शेजारी बसून नुसतं "वाजव, वाजव" म्हणत होतो. शेवटी वाजवायला लागली, पण कसा, तर चोरून, माफी मागितल्यासारखा.

दुसरा वाद यापेक्षा मोठा झाला. आमच्या भागात रस्त्यावर मेंढरं आडवी येणारच. एसटीत लागलो तेव्हा एका जुन्या ड्रायव्हरनं मला शिकवलं होतं तेच मी पोरींना शिकवत होतो. थांबायचं नाही. थांबलात की बसलात. कळप संपेपर्यंत मागं गाड्यांची रांग लागते. पहिला गिअर, अर्धा क्लच, एक हॉर्न, आणि मुंगीच्या पावलानं गाडी सारत न्यायची. मेंढरं आपोआप दोन्ही अंगाला होतात, एकालाही धक्का लागत नाही. चाळीशी पार केलेल्या ड्रायव्हरांना सुद्धा हे नीट जमत नाही, कारण पाय थरथरतो.

सगळ्या पोरींनी मान हलवली. ही नाही.

"कळपातनं गाडी घालत्यात व्हय मामा?"

"धक्का लागत नाही म्हणलं ना."

"धक्क्याचं न्हाय. कळप फुटतो." मग तिनं मला सांगितलं, तेही असं की जणू मला ठाऊक असायलाच पाहिजे होतं. मधनं गाडी गेली की आया एका अंगाला राहतात आणि कोकरं दुसऱ्या. कोकरू भ्यालं की सरळ पळत सुटतं, मागं बघत नाही. आई इकडं ओरडती, ते तिकडं. रस्त्यावर कुणाचाही कळप असला, ओळखीचा असो नसो, त्यांच्यातलं माणूस त्याच्यातनं आडवं जात नाही. पायी सुद्धा जात नाही. कळप जाईपर्यंत उभं राहायचं, ही रीत.

"मग बसमधल्या साठ माणसांनी तुझी रीत बघत बसायची का?" मी म्हणलं. माझा आवाज चढला होता. "तुला मेंढरं राखायची असली तर घरी राख. इथं बस शिकायला आलीस ना?"

माझ्या घशाला कोरड पडेपर्यंत मी बोललो असेन. पण दुसऱ्या दिवशी ती आली आणि अर्ध्या क्लचवर मुंगीच्या पावलानं गाडी चालवायचा सराव केला, रिकाम्या माळावर, पुढं काहीच नसताना. पाय दगडासारखा स्थिर. मी म्हणलं, शाबास. तिनं गाडी वळवून पुन्हा पहिल्यापासून घेतली.

उन्हाळ्यात तिला हेवी लायसन मिळालं. तेवढ्यात ढोकीच्या रस्त्यावरच्या एका शाळेला बाई ड्रायव्हर पाहिजे असल्याचं कळलं. मुलींची बस होती, पालकांची मागणी होती. सरळ, पक्की नोकरी. मॅडमनी हिचंच नाव पुढं केलं आणि मी म्हणलं, हिच्याशिवाय दुसरी कुणी नाही. त्या दिवशी ती पहिल्यांदा मोकळं हसली. म्हणाली, "मामा, आमच्यात नोकरी कुणालाच न्हाय. पार चुलत्या-पुतण्यात न्हाय." मी म्हणलं, मग तू सुरुवात कर. तिला ती नोकरी किती पाहिजे होती ते मी डोळ्यांनी बघितलंय. ट्रायलच्या आधी ती रोज माळावर सगळ्यांच्या आधी येऊन गाडी पुसायची.

ट्रायल घ्यायला शाळेच्या गाड्या सांभाळणारे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, वेळेचा पक्का होता, इतकंच. साहेब पुढं बसले, मी मागं. मला बजावलं होतं, मामा, तुम्ही बोलायचं नाही. हे माझ्यासारख्याला किती अवघड आहे ते माझ्या बायकोला विचारा.

गाडी सुंदर चालली. गावातला बाजार, चौक, रेल्वेचं फाटक, सगळं तिनं हलकं नेलं. ढोकीच्या रस्त्याला लागलो, एक वळण घेतलं, आणि समोर मेंढरं. सगळा रस्ता भरून. मागं घोंगडं खांद्यावर टाकलेला एक म्हातारा.

ती थांबली.

साहेबांनी घड्याळ बघितलं. म्हणाले, "इथं आमची गाडी रोज येणार आहे. शाळेची घंटा थांबत नाही, बाई. काय करता बोला."

तिनं वरच्या आरशात बघितलं. आरशात मी दिसत होतो. मला बोलायची बंदी होती म्हणून मी फक्त हात हलवला. पुढं घे, असा.

तिनं पहिला गिअर टाकला. एक हॉर्न दिला, ह्या वेळी चांगला खणखणीत. आणि गाडी कळपात घातली. मी जन्मात इतकी सफाईनं नेलेली गाडी बघितली नाही. मेंढरं दोन्ही अंगाला सरकली, एकाच्याही लोकरीला पत्रा लागला नाही. म्हातारा बाजूला उभा राहून बघत होता, शिवी नाही, ओरडणं नाही. साहेब वळून मला म्हणाले, "हात चांगला आहे हो." आणि तिला म्हणाले, "सोमवारपासून या."

मला एवढा आनंद झाला की मी मागच्या सीटवरनं टाळ्या वाजवल्या. तिनं माळावर आणून गाडी लावली, किल्ली मास्तरच्या हातात दिली आणि रस्त्याला लागली. मॅडमनी चहा मागवला होता. ती चहालाही थांबली नाही. आम्हाला वाटलं, घरी सांगायची घाई.

शुक्रवारी मॅडमचा फोन आला. पोरगी नोकरी करणार नाही म्हणतीय. का, तर सांगत नाही. सोमवारी नाही आली तर साहेब दुसरा माणूस बघणार आहेत, लातूरकडची एक बाई तयार आहे.

माझं डोकं सणकलं. इतके महिने उन्हातान्हात हिच्या शेजारी बसलो, ते काय माझी हौस फिटावी म्हणून? बायकोसमोर मी नको ते सगळं बोललो. आजकालच्या पोरांना आयतं मिळालं की किंमत नाही, असंही बोललो. बायको म्हणाली, तिला आयतं काय मिळालंय ते जरा सांगा. मी पंख्याखाली जाऊन झोपलो.

शनिवारी दुपारी दारात एक माणूस उभा. डोक्याला मुंडासं, पायात जाड वहाणा, हातात काठी. काठी त्यांनी बाहेर भिंतीला टेकवली आणि आत आले. खुर्ची दिली तर खाली सतरंजीवर बसले, म्हणून मीही खाली बसलो. ढोकीकडच्या पोरीचे वडील. ती त्यांना आबा म्हणायची.

पाणी प्याले. मग म्हणाले, "पोरगी जेवंना."

मी म्हणलं, "काय झालं तिला?"

त्यांनी सांगितलं. त्या दिवशी चहाला न थांबता ती निघाली ती सरळ घरी गेलीच नव्हती. त्याच वळणावर परत गेली होती. म्हाताऱ्याच्या कळपातली कोकरं खालच्या ओढ्याकडं पळाली होती, ती दिवस मावळेपर्यंत हुडकून एकेक आईपाशी आणून सोडली. म्हातारा तिला ओळखतही नव्हता. ती गाडी हिनंच घातली होती हे त्याला तिनं स्वतः सांगितलं.

"कोकरं सापडली का सगळी?" मी विचारलं.

"सापडली की. सांच्याला प्यायली सुदिक. मेंढरं इसरून गेली, हिच्या मनातनं जाईना." ते थोडा वेळ सतरंजीचा काठ चाचपत बसले. "पावणं, एक काम होतं तुमच्याकडं. तिला तुमी सांगा. मेंढरं आडवी आली तर थांबू नगं म्हणावं. खुशाल घाल म्हणावं गाडी. म्या सांगितलं तर म्हणती, आबा तुमी आसं म्हणता? तुमचं ऐकती ती."

ही गोष्ट मी स्वतः घसा फोडून तिला शिकवली होती, आणि आता हा माणूस, ज्याची हयात मेंढरामागं गेली, माझ्या घरात खाली बसून तीच गोष्ट माझ्याकडं मागत होता.

"तुम्हाला चालेल ते?" मी म्हणलं.

"न चालून?" ते म्हणाले. "रानाला सगळीकडं तारा ठोकल्यात. पोरगा पिकअपवर भाडं मारतो. माझ्या मागं काठी कोन धरनार हाय? तिला गाडी घावतीया, तर घावू द्या." बोलले आणि तोंड फिरवून दाराकडं बघत बसले. बायको आतून चहा घेऊन आली होती, ती तशीच कप घेऊन दारात उभी राहिली.

रविवारी सकाळी मला न्यायला त्यांनी पोराला मोटारसायकल घेऊन पाठवलं, त्याच्याबरोबर मी गेलो. ढोकीच्या अलीकडं एका नांगरलेल्या रानात वाडा बसला होता. मेंढरं चरायला सोडायची वेळ झाली होती. पोरगी जाळीच्या कोंडात कोकरं वेगळी करत होती. मला बघून उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खाली बघत उभी राहिली.

आबा माझ्याकडं बघत होते. मला आणलंच त्यासाठी होतं. मी घसा खाकरला. खरं सांगतो, वाक्य तयार होतं. येताना मोटारसायकलवर मागं बसून दोनदा म्हणूनही बघितलं होतं.

मी म्हणलं, "तुला गाडी चालवायची नाही का?"

"लई चालवायची हाय मामा," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. "झोपंत बी तीच दिसती. पर रोज त्याच रस्त्यानं जायचं, रोज आपलीच मेंढरं. मला न्हाय जमणार ते."

"मग थांबत जा," मी म्हणलं.

आबांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांचा खिसाच मारला.

"थांबायचं तर थांब," मी म्हणलं. "कळप गेल्यावर जा. उशीर झाला तर साहेबांना तोंडावर सांग, मेंढरं होती, थांबले. ते ओरडतील. ओरडू देत. माझं ओरडणं ऐकलंस ना, त्याच्यापुढं ते काहीच नाही. पण उद्या ये."

"आवो, म्या तुमाला काय सांगाया आणलं आन तुमी काय सांगायलाव?" आबा खवळले. "पहिल्याच दिवशी काढून टाकतील तिला!"

"काढू देत. बसून राहण्यापेक्षा काढलेलं बरं."

"तुमची न्हाय ओ नोकरी! तिची हाय!"

आम्ही दोघं म्हातारे त्या ढेकळांत उभं राहून भांडलो. मेंढरांचं कुत्रं मला भुंकायला लागलं. तिची आई चुलीपासून उठून आली आणि दोघांनाही गप बसा म्हणाली. पोरगी डोळे पुसून कोकरं सोडायला लागली. येते म्हणाली नाही, येत नाही म्हणालीही नाही. भाकरी खाऊन मी परत आलो. ती रात्र मला बेचैनीची गेली. कोण बरोबर, मी का आबा, हे माझं मलाच कळेना.

सोमवारी शाळेच्या फाटकापाशी मी उजाडताच जाऊन उभा राहिलो. ती आली. नवीन खाकी कुडता, केस घट्ट बांधलेले. गाडीच्या पायरीला हात लावून कपाळाला लावला आणि वर चढली. पहिल्या दिवशी मार्गदर्शकानं बरोबर जायचं अशी संस्थेची पद्धत होती, म्हणून मी पहिल्या बाकाशेजारी बसलो. गावागावातनं पोरी चढत गेल्या. दप्तरं, डबे, एकच कालवा.

ते वळण घेतलं आणि पुढं मेंढरं दिसली. ह्या वेळी रस्त्यावर नव्हती. रस्त्याच्या कडेला गोळा करून धरलेली होती. पुढं आबा, काठी आडवी धरून. मागं तिची आई आणि ते कुत्रं. मेंढरांना पलीकडच्या रानात जायचं होतं, ती रेटत होती, आणि आबा त्यांना रेटू देत नव्हते. बस यायची वाट बघत ते किती वेळ तसे उभे होते कोण जाणे.

तिनं गाडी थांबवली.

आबांनी हात केला, जा.

तिनं खिडकीतनं हात केला, तुमी आधी.

आबांनी पुन्हा हात केला. तिनंही केला. पोरी सगळ्या खिडक्यांना चिकटल्या. मागं एक जीप आली आणि हॉर्न वाजवायला लागली. एक मेंढी काठीखालून निसटली, आबांनी तिला पायानं आत सारलं. मी तोंड उघडलं होतं, पण मलाच कळत नव्हतं कुणाला काय सांगावं.

मग आबा ओरडले. माणूस इतका मोठ्यानं ओरडू शकेल असं वाटलं नव्हतं. "आगं जा की! लेकरं हायती गाडीत!"

तिनं पहिला गिअर टाकला. गाडी त्यांच्या समोरून गेली. काठी दोन्ही हातांनी आडवी धरून ते उभे होते आणि गाडीकडं बघतच नव्हते, मेंढरांकडं बघत होते. ती रस्त्याकडं बघत होती. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. पुसायला हात काढावा लागला असता, तो तिनं स्टेअरिंगवरून काढला नाही.

पहिल्या बाकावर एक लहान पोरगी होती. ती पुढं वाकली आणि म्हणाली, "मावशी, ते आजोबा तुमच्यावर का ओरडले?"

"आमचे आबा हायत ते," ती म्हणाली. "मला कामाला उशीर व्हायला लागला म्हणून."